माजघर फोटोत मावेना!

गेल्या डिसेंबरात भाऊ कुवेतहून सुट्टीवर आला, तेव्हा चारही हिस्सेदारांनी बसून ठरवले की गावचे जुने घर आता पाडायचे. मे महिन्यात, पावसाच्या आधी. रायगड जिल्ह्यातील आमचे हे घर चिऱ्याचे, वर मंगळुरी कौले, पुढे ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. दोन वासे वाळवीने पोखरले होते आणि त्या घरात आता एकट्या फुफूच राहत होत्या. त्यामुळे निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. फुफूंनीही हरकत घेतली नाही. मला मात्र त्यांनी बाजूला बोलावून सांगितले, ‘‘तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना, बेटा? घराचे फोटो काढून ठेव. माझा नको, घराचा काढ.’’

मोठा कॅमेरा म्हणजे माझा कॅनन ७००डी. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, विज्ञान प्रदर्शनाचे फोटो त्यावर काढून मी स्वतःला बऱ्यापैकी फोटोग्राफर समजत होते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स लावली आणि माजघरात गेले. समोरच्या भिंतीतला कोनाडा आला तर उजवीकडचे लाकडी कपाट सुटले. कपाट घेतले तर झोपाळ्याची कडी सुटली. मागे सरकत गेले, शेवटी पाठ भिंतीला लागली, तरी माजघर काही फोटोत मावेना. पन्नासेक फोटो काढले आणि रात्री पाहिले तर घराचे नुसते तुकडे झाले होते.

भाचा म्हणाला, ‘‘खाला, माझ्या मोबाइलमध्ये ०.५ आहे की!’’ त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. बऱ्याच मोबाइलमधील ती ०.५ची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावरच्या लेन्सपेक्षाही बरेच जास्त दाखवते, आणि घरातला एखादा प्रसंग टिपायचा असेल तर तेवढ्याने काम भागते. त्यासाठी वेगळी लेन्स घ्यायला मी कुणालाही सांगणार नाही. पण मोबाइलमधला त्या लेन्समागचा सेन्सर नखाएवढाही नसतो. आमच्या माजघरात भर दुपारीही प्रकाश येतो तो एका खिडकीतून आणि कौलांतल्या एका काचेतून. भाच्याने काढलेला फोटो लॅपटॉपवर मोठा केला तर कपाटावरचे कोरीव काम म्हणजे नुसता चिखल दिसत होता. मला हे फोटो मोठ्या कागदावर छापायचे होते, चारही घरांत एकेक संच द्यायचा होता.

मग मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. वाचकहो, हे गणित सहावीतल्या मुलालाही जमेल, आणि कुणाचाही सल्ला ऐकण्याआधी ते करून पाहावे असे माझे मत आहे. जुन्या फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिमी होती. ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्या महागड्या कॅमेऱ्यांचा सेन्सर आजही तेवढाच असतो. आपल्यासारख्यांच्या हातात असतो तो क्रॉप सेन्सर, म्हणजे कापून लहान केलेला. कॅननमध्ये त्याची रुंदी सुमारे २२.३ मिमी, निकॉन आणि सोनीमध्ये थोडी जास्त, साडेतेवीसच्या आसपास. आता सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या मिमीने भागा आणि समोरच्या भिंतीच्या अंतराने गुणा. त्या अंतरावर किती रुंदी फोटोत येईल ते समजते.

आमचे माजघर १४ फूट रुंद आणि ११ फूट खोल. भिंतीला टेकून तिपाई लावली तरी कॅमेरा दीड फूट पुढे येतो, म्हणजे समोरची भिंत साडेनऊ फुटांवर. १८ मिमीला येतात पावणेबारा फूट. चौदा फुटांची भिंत त्यात मावणार कशी? तेच १० मिमीला २१ फूट येतात, म्हणजे समोरची भिंत पूर्ण आणि दोन्ही बाजूच्या भिंतींचाही तीन-तीन फूट भाग. ११ मिमीला १९ फूट, १२ मिमीला साडेसतरा. एरवी लेन्सच्या बाबतीत एखादा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. ५५ आणि ५६ मध्ये कुणाला फरक कळणार नाही. पण या टोकाला एकेका मिलिमीटरमागे दीड-दोन फूट भिंत कमी-जास्त होते. म्हणून अशी लेन्स निवडताना आधी लहान आकडा पाहावा. मोठा आकडा १६ आहे, १८ आहे की २२, याने माझ्यासारखीला काही फरक पडत नव्हता, कारण १८ पासून पुढचे काम करायला माझ्याकडे जुनी लेन्स होतीच.

हे गणित केले नसते तर मी फसले असते. ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने मला वापरलेली १७-४० मिमीची लेन्स घ्यायला सांगितले होते. ‘‘मॅडम, वाइड म्हणजे हीच,’’ असे तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण त्याचा कॅमेरा फुल फ्रेम आहे. आमच्या क्रॉप सेन्सरवर ती लेन्स जेमतेम माझ्या १८-५५ इतकीच रुंद दिसली असती आणि पैसे मात्र कितीतरी पट गेले असते. लेन्सवरचा आकडा तोच राहतो, त्याचा अर्थ मागच्या सेन्सरप्रमाणे बदलतो. क्रॉप कॅमेऱ्यासाठी वेगळ्या बनवलेल्या लेन्स असतात त्यांच्या नावात कॅनन ‘ईएफ-एस’ लिहिते, निकॉन आणि टोकिना ‘डीएक्स’, सिग्मा ‘डीसी’, टॅमरॉन ‘डीआय-२’.

आता प्रत्यक्ष पर्याय. कॅननची १०-२२ मिमी ही २००४ पासूनची, नावाजलेली लेन्स आहे. बांधणी मजबूत, पण वापरलेलीसुद्धा स्वस्त नाही. २०१४ साली कॅननने १०-१८ मिमी आणली. वजन फक्त २४० ग्रॅम, कॅमेऱ्याला बसते ती मागची कडीसुद्धा प्लास्टिकची, पण हात हलला तरी चित्र सावरणारी स्थिरीकरणाची सोय आत आहे. तिचे भिंग एफ ४.५ पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे अंधारात ती जरा मंद. याच्या उलट टोकिनाची ११-१६ मिमी. ती एफ २.८ पर्यंत उघडते, म्हणजे १०-१८ च्या अडीच पट प्रकाश आत घेते. वजन अर्ध्या किलोच्या वर, आणि स्थिरीकरण नाही. सिग्माची १०-२० आणि टॅमरॉनची १०-२४ याही बाजारात वापरलेल्या मिळतात. सिग्माची ८-१६ तर याहूनही रुंद, पण तिची पुढची काच बाहेर फुगलेली असते, त्यामुळे तिच्यावर साधा गोल फिल्टर बसत नाही. मुलांच्या हातात कॅमेरा जाणाऱ्या घरात अशी उघडी काच मला परवडली नसती.

निकॉनवाल्या भगिनींसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. टोकिना ११-१६ च्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही. डी३००० किंवा डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांतही ती नसते, म्हणून तिथे फोकस हातानेच फिरवावा लागतो. दुसरी आवृत्ती घ्यावी. आणि निकॉनची १०-२० मिमी, जिच्या नावात ‘एएफ-पी’ असते, ती हलकी आणि छान आहे, पण डी९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर तिचा फोकसच चालत नाही. ज्यांच्याकडे नवे, आरसा नसलेले कॅमेरे आहेत, त्यांच्यासाठी कॅननने २०२३ मध्ये १५० ग्रॅमची आरएफ-एस १०-१८ काढली आहे. ती आमच्यासारख्या जुन्या कॅमेऱ्यावर बसत नाही, हे लक्षात ठेवावे.

माझे मन बरेच दिवस टोकिनाकडे ओढत होते. अडीच पट प्रकाश म्हटल्यावर कोण भुलणार नाही? मग एका रात्री स्वतःलाच विचारले की मला नेमके काय टिपायचे आहे. माजघर हलत नाही. कोनाडा, कपाट, चूल, जाते, यांतले काहीच हलत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून एक-दोन सेकंद झडप उघडी ठेवली तरी चालते. उलट अशा फोटोत जवळचा खांब आणि लांबची खिडकी दोन्ही स्पष्ट हवीत, म्हणजे भिंग एफ ८ पर्यंत मिटवायचेच. मग एफ २.८ चे पैसे कशाला द्यायचे? रात्रीचे तारे किंवा अंधुक मांडवात फिरणारी माणसे टिपायची असती तर गोष्ट वेगळी होती. शिवाय ११ पेक्षा १० मला दोन फूट भिंत जास्त देणार होती. १०-१८ घ्यायचे नक्की केले, तेही वापरलेली.

घेण्याआधी मुंबईतून एक दिवसासाठी तशीच लेन्स भाड्याने आणली आणि शाळेच्या वर्गात लावून पाहिली. हे जरूर करावे. भाडे फार पडत नाही आणि हजारोंची चूक टळते. वापरलेली लेन्स विकत घेताना मात्र दोन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे बुरशी. आपल्या कोकणच्या दमट हवेत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. लेन्समागे मोबाइलचा टॉर्च धरून तिरके पाहिले की ती दिसते. दुसरे म्हणजे चारही कोपरे. भिंतीवर वर्तमानपत्राची पाने चिकटवली, समोर सरळ तिपाई लावली आणि एफ ८ ला फोटो काढला. चारही कोपऱ्यांतली अक्षरे साधारण सारखी वाचता आली, म्हणजे आतली भिंगे सरकलेली नाहीत. एकच कोपरा धूसर आला असता तर मी ती परत केली असती. नव्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त किमतीत सौदा झाला.

मार्चमध्ये लेन्स घेऊन गावी गेले. पहिल्या दिवशीचे फोटो पाहून रडू यायचे बाकी होते. छत यावे म्हणून कॅमेरा जरासा वर केला होता, तर प्रत्येक खांब आत झुकलेला, जणू घर पाडायच्या आधीच पडायला लागले होते. अशा लेन्सचा हा स्वभावच आहे. कॅमेरा एक-दोन अंश कलला तरी उभ्या रेषा बिघडतात. दुसऱ्या दिवशी तिपाई साडेचार फुटांवर ठेवली, भाच्याच्या मोबाइलवरील पाणसळीने कॅमेरा समपातळीत केला, आणि सगळे खांब ताठ उभे राहिले. खिडकीचा लख्ख उजेड आणि कोपऱ्यातला अंधार एका फोटोत येत नव्हता, म्हणून जागा न हलवता एक फिकट, एक मध्यम, एक गडद असे तीन-तीन फोटो घेतले आणि नंतर लॅपटॉपवर एकत्र केले. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरलाच नाही. इतक्या रुंद लेन्ससमोर त्याचा उजेड कडांपर्यंत पोहोचत नाही.

माणसांच्या बाबतीत एक इशारा. १० मिमीला फोटोच्या कडेला उभ्या माणसाचे डोके ताणून भोपळ्यासारखे होते. ओटीवर सगळ्या कुटुंबाचा फोटो घेतला, त्यात कडेला बसलेले चाचा स्वतःला पाहून इतके हसले की पुन्हा बसायला तयार होईनात. गटाचा फोटो १८ वर किंवा जुन्या लेन्सने घ्यावा.

खरी गंमत मला तिसऱ्या दिवशी कळली. ही लेन्स ‘सगळे मावावे’ म्हणून घेतली होती, पण उत्तम फोटो आले ते अगदी जवळ गेल्यावर. ही लेन्स २२ सेंटिमीटरवरूनही फोकस करते. जात्याच्या खुंट्यापासून वीतभर अंतरावर लेन्स नेली. खुंटा सगळा फोटो व्यापून पुढे आला, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हात फिरून आलेली चमक दिसली, आणि त्यामागे अख्खे स्वयंपाकघर, चूल, काळवंडलेली भिंत, परसाचे दार. फुफूंनी स्वतःचा फोटो नको म्हटले होते. पण या फोटोसाठी त्या आपणहून येऊन बसल्या आणि खुंट्यावर फक्त हात ठेवला.

मे महिन्यात घर उतरले. त्या आठवड्यात फुफू पनवेलला मुलीकडे होत्या. मी छापलेले फोटो घेऊन तिथे गेले. चष्मा लावून त्यांनी एकेक फोटो पाहिला. माजघराचा फोटो बराच वेळ हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, आपले माजघर एवढे मोठे कुठे होते?’’

त्यांचे खरे होते. या लेन्समध्ये मागची भिंत लांब जाते आणि खोली दिवाणखान्यासारखी दिसते. नशीब, जाण्याआधी भाच्याने टेपने सगळ्या खोल्या मोजून वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या फोटोच्या मागे मी लिहिले, ‘माजघर, १४ बाय ११’. मग फुफूंनी जात्याचा फोटो वर घेतला आणि आपल्याच हाताकडे पाहत विचारले, ‘‘आणि हे जाते कुणाच्या हिश्श्यात गेले?’’