मुलीचे १२३ भाग

अमेरिकेतील ‘मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संस्थेचा गणित-इतिहास गट पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा घेतो. ब्रिटनमध्येही अशी स्पर्धा होते. अरब, इराण, भारत, चीन इथल्या गणितावर लिहायला अशा ठिकाणी भरपूर वाव आहे. आपल्याकडच्या शाळा-मदरशांतही अशी स्पर्धा व्हावी, असे आम्हाला मनापासून वाटते. पण आपली मुले तिथे काय लिहितील याची थोडी धास्तीही वाटते.

जलशांतली भाषणे आपण ऐकतोच. शून्य आम्ही शोधले, बीजगणित आम्ही दिले, तेव्हा युरोप अंधारात होता. टाळ्या पडतात, गणित मात्र एकही सुटत नाही. शिवाय शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करावी, याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच लिहिले होते. पुढे बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझमी यांनी या अंकांवर पुस्तक लिहिले तेव्हा ते हिंदी लोकांचे असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यांनी जे सांगितले ते आपण कशाला झाकायचे?

बक्षीस मिळो न मिळो, विद्यार्थ्याने एकच उदाहरण घ्यावे आणि ते जुन्या उस्तादांनी सोडवले तसे सोडवून दाखवावे. ख्वारिझमींचे प्रसिद्ध उदाहरण असे: एका संख्येचा वर्ग आणि त्याच संख्येची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? त्यांच्याकडे आजची ‘क्ष’ची चिन्हे नव्हती. त्यांनी चौरस काढला. त्याच्या चारही बाजूंना अडीच रुंदीची एकेक पट्टी जोडली. चौरस आणि पट्ट्या मिळून ३९. चार कोपरे रिकामे राहिले, प्रत्येकी सव्वासहा, म्हणजे एकूण २५. ते भरल्यावर ६४ चा मोठा चौरस झाला. त्याची बाजू ८. तीतून दोन्हीकडची अडीच-अडीच वजा केली की उरले ३. नववी-दहावीत ‘पूर्ण वर्ग पद्धत’ पाठ करणाऱ्या मुलांना हे चित्र कागद कापून दाखवा, लगेच कळेल.

खलिफा मामूनच्या काळात, म्हणजे ८१३ ते ८३३ च्या दरम्यान लिहिलेल्या या ‘अल-जब्र’ ग्रंथाचा मोठा भाग वसियत आणि वारसावाटणीचा आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. वारसा, वाटण्या, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी यांत लोकांना रोज लागणारे गणित द्यायचे, असा हेतू त्यांनी प्रस्तावनेतच सांगितला आहे.

त्यातले एक उदाहरण आमच्या विशेष आवडीचे आहे. एक स्त्री वारली. मागे पती, एक मुलगा, तीन मुली. एका परक्या माणसाला मालमत्तेचा एक अष्टमांश आणि एक सप्तमांश देण्याची तिची वसियत आहे. हे दोन्ही मिळून ५६ पैकी १५ होतात. एक तृतीयांशाच्या आत असल्याने वसियत पूर्ण लागू. उरले ५६ पैकी ४१, ते वारसांचे. सूरह निसानुसार पतीला चौथाई, मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणून वारसांसाठी २० भाग धरले: पती ५, मुलगा ६, प्रत्येक मुलगी ३. आता २० गुणिले ५६, म्हणजे मालमत्तेचे ११२० भाग. परक्याला ३००, पतीला २०५, मुलाला २४६, प्रत्येक मुलीला १२३. बेरीज करून पाहा, एकही भाग इकडेतिकडे होत नाही.

कागदावर होत नाही. घरात होतो. मय्यतीच्या चाळिसाव्यानंतर बहिणींपुढे हक्कसोडपत्र सरकवले जाते, ‘भावाशी कशाला वाकडेपणा’ म्हणून सह्या होतात. त्या १२३ भागांचे काय झाले, हे पुन्हा कुणी विचारत नाही. दीनदार म्हणवणारी घरेही याला अपवाद नाहीत. आपला हिस्सा किती हे जिला स्वतः मांडता येते, ती निदान सही करण्याआधी थांबेल. मुलींनी या विषयावर निबंध लिहावा, असे आम्हाला वाटते ते म्हणूनच.

पुस्तक मिळणार कुठून, असे कुणी विचारेल. फ्रेडरिक रोझेन यांनी १८३१ मध्ये लंडनहून मूळ अरबीसह इंग्रजी भाषांतर छापले. ते आज इंटरनेटवर फुकट वाचता येते. उर्दू-फारसीची गोडी असलेल्यांना आणखी एक विषय आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ अकबराच्या हुकमावरून फैजीने १५८७ मध्ये फारसीत आणली. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटणला आहे. खानदेशातल्या मुलांना यासाठी बगदाद गाठायला नको.

तोवर घरच्या घरी सुरुवात करायला हे एक उदाहरण. एक गृहस्थ वारले. कर्ज फेडून झाले, वसियत नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. पत्नीला आठवा हिस्सा. मालमत्तेचे कमीत कमी किती समान भाग करावे लागतील, आणि त्यांतले मुलीचे किती?