‘ऑरगॅनिक’ शाम्पू घेताय? पाचगणीच्या बाजारात बाटली उचलण्यापूर्वी मागचं लेबल वाचा

पुढे हिरवं पान आणि ‘केमिकल फ्री’, मागे बारीक अक्षरांतली लांबलचक यादी. यातलं खरं कोणतं? जाणून घ्या सोप्या शब्दांत.

पसरणीचा घाट चढून पाचगणीला आलेला पर्यटक परतताना मध, जॅम, चणे घेतो आणि बऱ्याचदा हर्बल शाम्पूची एखादी बाटलीही पिशवीत टाकतो. स्ट्रॉबेरी शाम्पू, मधाचा कंडिशनर, हाताने बनवलेला शाम्पू बार अशी नावं थंड हवेच्या ठिकाणी आणखीच शुद्ध वाटतात. नेहमीच्या शाम्पूपेक्षा जास्त पैसे मोजून आपण नेमकं काय घरी नेतो, हे मात्र बाटलीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

‘ऑरगॅनिक’ शब्दाला कायद्याचा आधार आहे का?

खाद्यपदार्थांसाठी आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2017 चे नियम आहेत आणि ‘जैविक भारत’ ही खूण आहे. शाम्पू मात्र सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. त्याला 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. उत्पादन परवाना, सुरक्षितता, लेबल या सगळ्याबद्दल त्यात तरतुदी आहेत. पण किती टक्के घटक सेंद्रिय असले की शाम्पूला ‘ऑरगॅनिक’ म्हणायचं, याची व्याख्या नाही.

ही पोकळी खासगी प्रमाणपत्रं भरून काढतात. ‘कॉसमॉस ऑरगॅनिक’ हे त्यातलं जगभर ओळखलं जाणारं नाव. त्याच्या नियमानुसार धुऊन टाकायच्या उत्पादनात एकूण वजनाच्या किमान 10 टक्के घटक सेंद्रिय असले तरी चालतात. आकडा इतका कमी का? कारण शाम्पूचा बहुतांश भाग पाणी असतो आणि पाणी शेतात पिकत नाही. म्हणजे प्रमाणपत्र असलेली बाटलीसुद्धा ‘100 टक्के ऑरगॅनिक’ असेलच असं नाही.

यादी कशी वाचायची?

नियम असा की 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात.

यातून एक सोपी युक्ती निघते. यादीत ‘फेनॉक्सीइथेनॉल’ हे प्रिझर्व्हेटिव्ह शोधा. ते जास्तीत जास्त 1 टक्का वापरता येतं. त्यामुळे त्याच्यानंतर लिहिलेला प्रत्येक घटक 1 टक्का किंवा त्याहून कमी असतो. स्ट्रॉबेरीचा अर्क किंवा मध त्याच्या खाली असेल, तर फोटोतलं फळ बाटलीत नावापुरतंच आहे. फळाचं नावच नसेल आणि फक्त ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ असेल, तर तुम्ही वास विकत घेताय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते फळाला आहे, त्याच्या वासाला नाही.

60 मिलीपेक्षा लहान पॅकवर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. त्यामुळे छोट्या बाटलीवर किंवा सॅशेवर यादी नसेल, तर त्याच शाम्पूच्या मोठ्या बाटलीवरची पाहा.

‘केमिकल फ्री’ म्हणजे काय?

शब्दशः घेतलं तर असं काही नसतंच. पाणीही रसायन आहे आणि शिकेकाईला फेस आणणारं सॅपोनिनही.

‘नारळापासून बनवलेला’ हा दावाही नीट तपासा. ज्याला लोक घाबरतात ते सोडियम लॉरिल सल्फेट खोबरेल किंवा पाम तेलापासूनच बनवता येतं. ‘सोडियम कोको सल्फेट’ हे त्याचंच जवळचं भावंड. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड हे घटक तुलनेने सौम्य मानले जातात.

पाणी असलेल्या शाम्पूत प्रिझर्व्हेटिव्ह नसणं ही तर काळजीची गोष्ट. ओलाव्यात जिवाणू आणि बुरशी वाढते. सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट यांसारखी नावं दिसली तर घाबरू नका.

हाताने बनवलेला बार: शाम्पू की साबण?

यादीत ‘सोडियम कोकोएट’ किंवा ‘सोडियम पामेट’ असेल, तर तो साबण आहे. साबणाचा पीएच साधारण 9 ते 10 असतो, तर टाळूचा 5.5 च्या आसपास. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर बसतो आणि केस राठ होतात. ‘सोडियम कोकोइल आयसेथिओनेट’ दिसलं, तर तो खरा शाम्पू बार.

कंडिशनरचं काय?

धुतलेल्या केसांवर ऋण प्रभार असतो. कंडिशनरमधले धन प्रभाराचे घटक त्याला चिकटतात आणि गुंता कमी होतो. ‘बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट’ यातलंच. नावात ‘सल्फेट’ असलं तरी ते शाम्पूतल्या सल्फेटसारखं केसांतलं तेल ओढून घेत नाही. ‘सेटिल अल्कोहोल’ही केस कोरडे करत नाही, उलट मऊ करतं. नुसत्या मधाने किंवा कोरफडीने हे प्रभाराचं काम होत नाही.

मग आजीची शिकेकाई?

शिकेकाई, रिठा, आवळ्याची कोरडी पूड हा सर्वांत छोट्या यादीचा पर्याय. पण तिलाही मर्यादा आहेत. डोळ्यांत गेली तर झोंबते, तेलकट केसांना दोनदा लावावी लागते आणि कालवलेली पूड टिकत नाही. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लागेल तेवढीच भिजवा.

पैसे देण्यापूर्वी 5 गोष्टी तपासा

1. उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता आणि उत्पादन परवाना क्रमांक. घरगुती असला तरी शाम्पू बनवून विकायला परवाना लागतो.
2. बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत.
3. पहिले पाच घटक. बाटलीचा बहुतांश भाग तिथेच कळतो.
4. ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव. नुसतं हिरवं पान पुरावा नाही.
5. दर 100 मिलीला किती पडतो.

घरी आल्यावर थेंबभर शाम्पू पाण्यात मिसळून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, धुवा आणि 48 तास थांबा. लॅव्हेंडर, टी ट्री यांसारख्या नैसर्गिक तेलांचीही ॲलर्जी येऊ शकते. खाज किंवा पुरळ आलं तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

लेबलवरचा दावा खोटा वाटला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी बिल हाताशी असलेलं बरं. दुकानदार ‘कशाला बिल?’ म्हणाला, तरी मागून घ्या. परवाना काढून, यादी खरी छापून विकणारा एखादा छोटा उत्पादक त्याच रस्त्यावर चार दुकानं पुढे असू शकतो. लेबल वाचणारं गिऱ्हाईक त्यालाही हवंच असतं.