लेसरच्या ठिपक्यातले चुंबक



उष्णता म्हणजे काय, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला वैशाखात सांगावे लागत नाही. पण ही उष्णता चुंबकाने वाटेतच अडवता येते, असे कोणी म्हटले तर आपण हसू. आज तेवढेच समजावून घ्यावयाचे आहे.

लेसरचा प्रखर झोत धातूच्या पत्र्यावर बारीक ठिपक्यात एकवटला, की तेथील धातूची वाफ होते आणि अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. ह्या तप्त अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. गिरणीचा भोंगा झाला की सायकलवाले पुढे सटकत, पायी चालणारे मागे राहत. तसे हलके इलेक्ट्रॉन बाहेर धावतात. जड आयन मागे राहून त्यांना ओढून धरतात. ताप सर्वत्र सारखा असता, तर धाव आणि ओढ यांचा मेळ बसला असता. परंतु ठिपक्याच्या मध्यभागी ताप अधिक, कडेला कमी. म्हणून इलेक्ट्रॉन मध्यातून बाहेर पडतात व कडेने परत फिरतात. वीज अशी फेर धरून वाहू लागली, की चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतेच. ते ठिपक्याभोवती बांगडीसारखे असते. चुंबक मात्र कोणीही आणून ठेवलेला नसतो!

ही कल्पना लुडविग बिअरमन या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० साली ताऱ्यांच्या संदर्भात मांडली. लेसरच्या प्लाझ्मात अशी क्षेत्रे आढळल्याचे १९७१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

आपल्या मुंबईतही हे काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार व सहकाऱ्यांनी अत्यल्प काळाचे लेसर-झोत वापरले. त्यात वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात आत घुसतात आणि त्यांच्या प्रवाहातूनच क्षेत्र जन्मते. दुसरा सौम्य झोत त्यावरून परावर्तित करून, त्याच्या प्रकाशात झालेल्या पालटावरून त्यांनी ते मोजले. २००२ साली प्रसिद्ध झालेला आकडा २ कोटी ७० लाख गॉस होता. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस! हे क्षेत्र टिकले सुमारे ६ पिकोसेकंद. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

आता उष्णतेकडे वळू. प्लाझ्मात ती मुख्यतः इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. वाटेत चुंबकीय क्षेत्र आडवे आले, की ते घाण्याच्या बैलासारखे फिरू लागतात. बैल दिवसभर चालतो, पण गावाला पोचत नाही. मग ठिपका अधिकच तापतो आणि पलीकडचा भाग थंड राहतो.

याचे महत्त्व काय? लेसरने हायड्रोजनचे भारी प्रकार दाबून सूर्यासारखी ऊर्जा मिळवावयाची, तर उष्णता नेमकी कोठे जाते हे ठाऊक हवे. कॅलिफोर्नियात ५ डिसेंबर २०२२ रोजी लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा पडली व ३.१५ बाहेर आली. विजय खरा, पण लेसर चालविण्यास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती.

कामगार चळवळीत आम्ही एकच हिशोब शिकलो आणि शिकवला : कागदावर किती लिहिले ते नव्हे, हातात किती पडले ते पाहा. ऊर्जेच्या हिशोबातही किती पाठविली याबरोबर किती पोचली, हे विचारावयाचे असते. मधल्या वाटेत कोण अडवतो, हे ह्या चिमुकल्या चुंबकांकडून कळते.