सी भाषेतल्या चुका : लिहिलंय काय आणि वाचतोय काय

तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस सी भाषेवर काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पण सातपूरमध्ये आयटीआयची, डिप्लोमाची मुलं भेटतात, त्यांच्यातली काही जण दोन महिन्यांत ‘सर, कोडिंग आपल्याला जमणार नाही’ म्हणून वही मिटतात. बहुतेक वेळा अडचण बुद्धीची नसते, बघण्याची असते. आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी कंपायलर काय तपासतो ते पाहू. इथल्या कारखान्यांत गो-नोगो गेज वापरतात. छिद्राचा व्यास मापात आहे का, एवढंच ते सांगतं. छिद्र चुकीच्या जागी पाडलं असेल तर गेज गप्प. कंपायलरचंही तसंच. तो व्याकरण तपासतो, तुमचा हेतू त्याला कळत नाही.

म्हणून चुका दोन जातींच्या. पहिली, जिथे तो ओरडतो. सेमीकोलन राहिला की एरर येते, पण आकडा बऱ्याचदा पुढच्या ओळीचा असतो. कारण पुढचा शब्द वाचेपर्यंत त्याला कळतच नाही की आधीचं वाक्य संपवलेलं नाही. दाखवलेली ओळ ठीक दिसली तर वरची बघा. आणि पंधरा एरर आल्या तरी घाबरू नका. पहिली दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. पुष्कळदा बाकीच्या तिच्याच पोटच्या असतात.

दुसरी जात अवघड, कारण तिथे प्रोग्रॅम बिनबोभाट तयार होतो. तीन नमुने सांगतो. फळ्यावर मी देवनागरीत लिहितोय, संगणकावर इंग्रजी अक्षरं घ्या.

पहिला : इफ (वय = १८). इथे तुलना होतच नाही. ‘वय’मध्ये १८ भरले जातात, आणि शून्य नसलेली किंमत म्हणजे ‘खरं’, म्हणून अट कायम पूर्ण. दहा वर्षांचा मुलगाही अठराचा होतो! तुलनेला दोन चिन्हं लागतात : ==.

दुसरा : स्कॅनएफमध्ये & विसरणं. स्कॅनएफला चलाचा पत्ता हवा असतो. तुम्ही पत्त्याऐवजी आतली किंमत देता, ती तो पत्ता समजतो आणि भलत्याच दारात जातो. प्रोग्रॅम बऱ्याचदा कोसळतो.

तिसरा : गुण / ५० * १००. गुण ४५, तरी टक्के ०! दोन्ही पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकच, म्हणून ४५ भागिले ५० म्हणजे ०. आधी १००ने गुणा, मग ५०ने भागा, ९० येतील.

हे किरकोळ वाटतं ना? नोव्हेंबर २००३मध्ये लिनक्स कर्नलच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी चोरून घुसवल्या. वरवर पाहता वापरकर्त्याचा क्रमांक ० आहे का, अशी तपासणी. प्रत्यक्षात एकच =, म्हणजे क्रमांक ० करूनच टाकायचा. तिथे ० म्हणजे सर्वाधिकारी. मूळ नोंदींशी मेळ बसला नाही म्हणून ते पकडलं गेलं. चोराची भिस्त कशावर होती? वाचणारा तिथे == असंच वाचेल, यावर.

न्यायदर्शनात याला अन्यथाख्याती म्हणतात. शिंपला पाहून चांदी वाटते, कारण आधी पाहिलेली चांदी आठवणीतून पुढे येते आणि शिंपल्यावर बसते. आपणही स्वतःचा प्रोग्रॅम वाचताना मनातलाच वाचतो. डोळ्यांपुढे = असतं, दिसतं ==. म्हणून दहा वेळा वाचूनही चूक सापडत नाही आणि शेजाऱ्याला पटकन दिसते.

उपाय साधे आहेत. कंपायलरचे सगळे इशारे चालू ठेवा, पहिल्या दोन चुका तिथेच बहुधा पकडल्या जातील. तिसरी मात्र निसटते, तिच्यासाठी उत्तर आधीच माहीत असलेलं उदाहरण चालवून बघा. मधल्या किमती प्रिंटएफने छापा. आणि प्रत्येक ओळ शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा, चिन्हासकट : ‘वयमध्ये अठरा ठेव’ की ‘वय अठरा आहे का’?

आता प्रश्न घेऊ. ज्याचा प्रोग्रॅम अडलाय त्याने पुढे यावं. काय करायचं होतं ते नंतर सांगा, आधी काय लिहिलंय ते वाचा.