कायद्याची हुंडी वटविणार कोण?

दर्शनी हुंडी कितीही भरभक्कम पेढीवरची असली, तरी ती नेऊन दाखविल्यावांचून पैसा हातीं पडत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. भारतीय संसदेनें २००९ सालीं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून अशीच एक हुंडी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या नांवें लिहून दिली. १ एप्रिल २०१० पासून ती देय झाली. परंतु ती हातीं घेऊन पेढीवर जाणारे आईबाप अजून विरळाच आहेत.

ही हुंडी सुखासुखी मिळालेली नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली. ना. गोखले यांनीं १९११ सालीं आणलेलें बिल पुढल्याच वर्षीं फेटाळलें गेलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या करवीर संस्थानांत तें तत्त्व अमलांत आणलें. परंतु सर्व देशांत तो मूलभूत हक्क ठरण्यास २००२ सालची घटनादुरुस्ती उजाडावी लागली. एवढ्या मोलाचा कागद पेटींत कुलूप लावून ठेवावयाचा काय?

त्यांत लिहिलें आहे तें तरी पाहूं. मूल शाळा बदलूं लागलें, तर मुख्याध्यापकानें दाखला ताबडतोब दिला पाहिजे; आणि तो येण्यास उशीर झाला, एवढ्यावरून सरकारी वा अनुदानित शाळेस प्रवेश रोखतां येत नाहीं. वयाचा पुरावा नाहीं, ही सबबही चालत नाहीं. प्रवेशासाठीं देणगी उकळल्यास तिच्या दसपटीपर्यंत दंड आहे; मुलाची किंवा आईबापांची निवडपरीक्षा घेतल्यास पहिल्या वेळीं २५,००० व पुढें दर वेळीं ५०,००० रुपयांपर्यंत. मारणें व मनाचा छळ करणें, दोन्ही वर्ज्य आहेत. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र सुप्रीम कोर्टानें २०१४ सालीं या कायद्यांतून वगळल्या, हें ध्यानांत असावें.

असें असतां फी थकली म्हणून दाखला अडवून धरण्याची चाल कित्येक शाळांत आहे. चालक म्हणतात, फी बुडाली तर शिक्षकांचा पगार कोठून द्यावा? प्रश्न रास्त आहे, उपाय मात्र रास्त नाहीं. उधारी वसूल करण्यास दिवाणी कोर्टें आहेत. उधारीपायीं गिऱ्हाइकाचें मूल गहाण ठेवून घेण्याची रीत कोणत्याही अब्रूदार पेढींत आम्हीं पाहिली नाहीं. मग ती सरस्वतीच्या मंदिरांत कां असावी?

केव्हां केव्हां खुद्द सरकारच हुंडी नाकारावयास निघतें. दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठीं खासगी शाळांनीं पहिल्या वर्गांत निदान शेंकडा २५ जागा राखाव्या, असें हा कायदा सांगतो. महाराष्ट्र सरकारनें ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित शाळांस यांतून सूट दिली. पालक मुंबई हायकोर्टांत गेले. १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द झाला आणि ऑगस्टांत सुप्रीम कोर्टानेंही त्या निकालांत हात घालण्याचें नाकारलें. ते पालक घरीं बसते, तर गरिबांच्या जागा मुकाट्यानें गेल्या असत्या.

प्रत्येकास हायकोर्ट गांठावयास नको. या कायद्याखालीं कोणाही मनुष्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करतां येते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत तिचा निकाल लावणें त्यास भाग आहे. त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे. "कोणाही मनुष्यास" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तक्रार मुलाच्या बापानेंच केली पाहिजे, असें नाहीं. दुकानांतील नोकर व बाजारांतील हमाल यांस अर्ज लिहितां येत नसेल, पण त्यांच्या धन्यास येतो. तो त्यानें लिहून द्यावा, पोंच घ्यावी व तारीख टिपून ठेवावी. वर्षभर दुसऱ्यांचे हिशेब ठेवणाऱ्या हातांस एवढें जड नाहीं.