तीन फिल्स, एकोणतीस फिल्स

बहारीनच्या मनामा शहरात जुफैर किंवा गुदैबियाला भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात, की दलाल दोन आकडे सांगतो. एक भाड्याचा, दुसरा ईडब्ल्यूएच्या कॅपचा. ईडब्ल्यूए म्हणजे बहारीनचे सरकारी वीज-पाणी प्राधिकरण. वीज-पाण्याचे बिल अमुक दिनारपर्यंत आले तर घरमालकाचे, त्यावर गेले की भाडेकरूचे. नवखा माणूस भाड्यावर घासाघीस करतो. इथे चार उन्हाळे काढलेला मुकाट्याने कॅप पाच-दहा दिनारांनी वाढवून मागतो.

२०१६ पूर्वी हा प्रश्नच नव्हता. घरगुती विजेच्या महिन्याच्या पहिल्या तीन हजार युनिटांना युनिटामागे तीन फिल्सचा दर होता. बहारिनी असो वा परदेशी, सगळ्यांना तोच. एका दिनाराचे हजार फिल्स होतात. जुलै-ऑगस्टात दिवसरात्र एसी चालवून १,८०० युनिटे जाळली तरी विजेचे साडेपाच दिनारसुद्धा होत नसत. मग मार्च २०१६ पासून परदेशी रहिवाशांचे दर टप्प्याटप्प्याने चढवले गेले: सहा, तेरा, एकवीस आणि २०१९ मध्ये एकोणतीस फिल्स. त्याच १,८०० युनिटांचे झाले ५२ दिनार. बहारिनी नागरिकाच्या पहिल्या घराचा दर मात्र तीन फिल्सवरच राहिला.

एकोणतीसच का? सरकारचे तेव्हा म्हणणे असे होते, की एक युनिट तयार करून घरापर्यंत पोचवायला तेवढाच खर्च येतो. म्हणजे तीन फिल्सने विकलेल्या प्रत्येक युनिटामागे सरकार सव्वीस फिल्स पदरचे घालत होते. धंदा करणारी कंपनी असती तर केव्हाच दिवाळे वाजले असते. सरकारी प्राधिकरणाचे दिवाळे वाजत नाही, कारण तूट भरायला अर्थसंकल्प असतो. अमेरिकेत किंवा युरोपात कोळसा-अणुवीज कंपन्यांना सरकारने वाचवले, की त्याची बातमी होते, संसदेत आरडाओरडा होतो. आखातात हेच काम दर महिन्याला, कुणाच्या कानावर न जाता, मीटरमधून चालते.

बहारीनमध्ये कोळशाचे किंवा अणुविजेचे केंद्र नाही. अमेरिकेशी २००८ मध्ये अणुसहकार्याचा सामंजस्य करार झाला, त्यापुढे गाडी गेली नाही. इथली वीज जवळजवळ सगळी नैसर्गिक वायूवरची, आणि पिण्याचे पाणीही बव्हंशी समुद्राचे खारे पाणी गोडे करून केलेले. वीजनिर्मितीत सरकारने खासगी कंपन्या आणल्या. आधी अल एझेल, मग हिदचे केंद्र खासगी हाती गेले, पुढे अद दूर. करारांचा सांगाडा सगळीकडे सारखा: केंद्र कंपनीचे, गिऱ्हाईक एकच आणि ते म्हणजे सरकार. वीज उचला वा उचलू नका, क्षमता आकार द्यायचा. इथे हिवाळ्यात एसी बंद झाले की विजेची मागणी उन्हाळ्याच्या निम्म्याहूनही खाली येते. यंत्रे गप्प बसलेली असतात, पण त्यांचे भाडे चालू असते. त्यामुळे धंद्यातली जोखीम खासगी कंपनीकडून निसटून सरकारी तिजोरीत जाऊन बसते. तिथे ती दिसत नाही, एवढाच तिचा गुण.

ती दिसली २०१८ मध्ये. तेलाचे भाव पडून चार वर्षे झाली होती, कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळ पोचले होते, आणि त्या जूनमध्ये दिनारावरच दडपण आले. दिनार २००१ पासून डॉलरला बांधलेला आहे. तो सुटला असता तर गावाकडे पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या कमाईला कात्री लागली असती. ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि कुवेत यांनी दहा अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा हा सुमारे चौथा हिस्सा. शेजाऱ्यांची मदत बहारीनला नवी नाही. अबू सफाह हे समुद्रातले तेलक्षेत्र सौदी अराम्को चालवते आणि त्याच्या निम्म्या उत्पन्नावर बहारीनचा अर्थसंकल्प उभा आहे.

पण या वेळी पैशाबरोबर अटींची यादी आली. तिचे नाव वित्तीय संतुलन कार्यक्रम. त्यातले एक कलम सरळ ईडब्ल्यूएबद्दल होते: २०२२ पर्यंत प्राधिकरणाची जमा आणि खर्च यांचा मेळ घालायचा. सरकारी कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती, नव्या वर्षात पाच टक्के व्हॅट, आणि वीज खाते सुधारणे, सगळे एकाच कागदावर. करोना आला, मुदत पुढे २०२४ वर गेली आणि व्हॅट दहा टक्के झाला. मला यात खटकते ते एवढेच, की तूट भरून काढायची वेळ आली तेव्हा पहिला हात मतदार नसलेल्यांच्या खिशाकडे गेला. देशाच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त परदेशी आहेत. निषेध म्हणून ते फार तर एसी चोवीसवरून सव्वीसवर नेऊ शकतात. उलट बाजूही खरी आहे: पूर्वी आपण सगळेच दुसऱ्याच्या तेलावर स्वस्तात गार वारा खात होतो, तेव्हा एकानेही तक्रार केली नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल. आखातात येणाऱ्या कोकणी माणसांत खेड, चिपळूण, गुहागरचे पुष्कळ. त्यातल्या गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प आहे. कंपनी जाऊन वीसहून अधिक वर्षे झाली, तरी लोक त्याला अजून एन्रॉनच म्हणतात. करार १९९३ चा, युतीच्या सरकारने १९९५ मध्ये मोडला आणि फेरबोलणी करून पुन्हा जोडला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, हिशेब डॉलरमध्ये आणि गिऱ्हाईक एकच, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. मंडळाला एक युनिट कधी कधी सात रुपयांवर पडू लागले. २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉननेच दिवाळे काढले.

पुढची सोडवणूक खास आपली आहे. जीई आणि बेक्टेल या परदेशी भागीदारांशी २००५ मध्ये तडजोड झाली, आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी राहिली. तिचे भागीदार एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या, कर्ज देऊन अडकलेल्या बँका आणि वीज मंडळ. थोडक्यात, बुडालेल्यांनीच मिळून बुडालेले जहाज विकत घेतले. केंद्र पुन्हा चालू झाले. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि २०१३ मध्ये केंद्र पुन्हा थंड पडले. २०१५ च्या अखेरीस केंद्र सरकारच्या वायू-योजनेखाली अनुदानाचा आधार घेऊन रेल्वेला पाचशे मेगावॅट वीज जाऊ लागली. म्हणजे एक सरकारी खाते दुसऱ्या सरकारी कंपनीचे गिऱ्हाईक झाले. पुढे एनटीपीसीने कंपनीचा बहुतांश हिस्सा आपल्याकडे घेतला. या सगळ्यात कोणी ‘आम्ही कंपनी वाचवली’ असे म्हणाल्याचे आठवत नाही.

त्या मानाने अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कंपन्या वाचवण्याची गाडी उघड धावली. दोन अणुवीज केंद्रे आणि काही कोळसा केंद्रे तगवण्यासाठी तिथल्या विधिमंडळाने २०१९ मध्ये कायदा करून ग्राहकांच्या बिलावर अधिभार बसवला. नंतर उघड झाले, की त्यामागे सहा कोटी डॉलरची लाच फिरली होती. सभागृहाचे माजी अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांचे अनुदान आधीच रद्द झाले होते, कोळशाचा भार मात्र आणखी काही वर्षे बिलात राहिला.

आणि पुन्हा रत्नागिरी. राजापूर तालुक्यात जैतापूरला सहा अणुभट्ट्यांचा, ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प आखलेला आहे. त्या भट्ट्या अरेवा ही फ्रेंच कंपनी देणार होती. अरेवाला २०१४ च्या एका वर्षात ४.८ अब्ज युरोंचा तोटा झाला. फ्रेंच सरकारने साडेचार अब्ज युरो घालून कंपनी तगवली आणि अणुभट्ट्यांचे काम ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे दिले. मग ईडीएफही कर्जात रुतली, आणि २०२३ मध्ये फ्रेंच सरकारने तिचे उरलेसुरले खासगी समभाग विकत घेऊन ती पूर्ण ताब्यात घेतली. जैतापूरसाठी ईडीएफने २०२१ मध्ये तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला. त्यानंतर वाटाघाटी अडून बसल्या त्या युनिटच्या दरावर आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची यावर.