रडणारी मुलं आणि शांत कॅमेरा

सभागृहात आठ-दहा-बारा वर्षांची मुलं उभी आहेत. हात वर, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. काही जण कुणालाच न कळणाऱ्या ‘अन्य भाषां’त बोलताहेत. एका प्रसंगात तर तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांचा पुठ्ठ्यात कापलेला उभा पुतळा व्यासपीठावर आणला जातो आणि मुलं त्याच्याकडे हात करून देशासाठी प्रार्थना करतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात डेव्हिल्स लेक नावाचं गाव आहे. तिथल्या उन्हाळी छावणीतली ही दृश्यं ‘जीझस कॅम्प’ या माहितीपटातली आहेत.

हायडी युइंग आणि रेचल ग्रेडी या दोघींनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट २००६ साली प्रदर्शित झाला. उत्कृष्ट माहितीपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं. त्यात निवेदक नाही. छावणी चालवणाऱ्या पेंटेकोस्टल धर्मोपदेशिका बेकी फिशर स्वतःच बोलतात. इतर धर्मांचे लोक आपल्या मुलांना लहानपणीच धर्मासाठी तयार करतात, मग आपण मागे का राहायचं, असा त्यांचा सवाल आहे. हॅरी पॉटर जादूगार आहे, म्हणून तो त्यांना वर्ज्य. मिसुरीतल्या एका घरात आई मुलाला घरीच शिकवते. उत्क्रांतिवाद खोटा आणि पृथ्वीच्या तापमानवाढीची काळजी फोल, असं तिथल्या धड्यात सांगितलं जातं. तो बारा वर्षांचा मुलगा पुढे व्यासपीठावरून प्रवचन देतो. नऊ वर्षांची एक मुलगी बोलिंगच्या खेळघरात अनोळखी बाईपाशी जाऊन तिला प्रभूचा निरोप सांगते.

हे सगळं पाहताना ‘मूलतत्त्ववाद’ हा शब्द सहज ओठांवर येतो. त्याचा उगमही अमेरिकेतलाच. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाची बारा पुस्तकं निघाली. तेल उद्योजक लायमन स्टुअर्ट यांनी त्यांना पैसा पुरवला. बायबल अचूक आहे, येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाला, तो देहाने पुन्हा उठला, या गोष्टींवर तडजोड नको, हा त्यांचा आग्रह. १९२० साली ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द रूढ झाला. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि हा वाद घरोघरी पोहोचला.

फिशरबाईंचा प्रवाह मात्र वेगळा आहे. पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव आणि अन्य भाषांत बोलणं हा पेंटेकोस्टल पंथाचा प्राण. जुने कडवे मूलतत्त्ववादी त्याकडे संशयानेच पाहत. या प्रवाहाची एक कहाणी आपल्या केडगावलाही घडली आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींमध्ये असंच ‘संजीवन’ झालं होतं. रडणं, पापांची कबुली, रात्र रात्र प्रार्थना, सगळं तिथेही होतं. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. म्हणजे लहान मुलींच्या डोळ्यांतलं पाणी एवढ्यावरून कशाचाच निवाडा करता येत नाही. त्या भक्तीला पुढे कोणत्या कामाला जुंपलं, ते पाहावं लागतं. केडगावात ती दुष्काळातून वाचलेल्या विधवा आणि अनाथ मुलींच्या निवाऱ्यात, शिक्षणात आणि हातच्या कामात वाढली.

डेव्हिल्स लेकला मात्र मुलांच्या भक्तीचा रोख न्यायालयाकडे होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी २००५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्या जागी सॅम्युअल अलिटो यांचं नाव पुढे आलं. माहितीपटाला ही पार्श्वभूमी आहे. छावणीत मुलांच्या हातांत गर्भाच्या इवल्या प्लास्टिकच्या प्रतिकृती दिल्या जातात. पुढे ती तोंडावर लाल पट्टी चिकटवून गर्भपाताच्या विरोधात उभी राहतात. दहा वर्षांच्या मुलाला गर्भपात म्हणजे काय, हे कितपत कळतं? माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. श्रद्धा देणं हा आईबापांचा हक्क मी मानतो. पण ज्या लढाईचा अर्थ मुलाला लावता येत नाही, त्या लढाईत त्याला पुढे उभं करणं अन्यायाचं आहे.

माहितीपटाचीही एक चूक आहे. माइक पपान्टोनियो या रेडिओ निवेदकाला अधूनमधून आणून दिग्दर्शिका प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते सुचवतात. ते स्वतः मेथडिस्ट ख्रिस्ती आहेत, ही निवड चांगलीच. तरी अमेरिकेतल्या कोट्यवधी इव्हँजेलिकल लोकांमधले मतभेद फिशर आणि पपान्टोनियो या दोन टोकांत मावत नाहीत. कॅमेरा गप्प राहतो तेव्हा तो जास्त खरं सांगतो. छावणीतला एक मुलगा रडत कबूल करतो की, देव दिसत नाही, म्हणून विश्वास ठेवणं कधी कधी अवघड जातं. पूर्ण माहितीपटात इतका प्रामाणिक दुसरा क्षण नाही. त्याच्यापाशी आणखी थोडं थांबायला हवं होतं.

फिशर यांना स्वतःचं चित्रण खोटं वाटलं नाही. माहितीपटात दिसणारे मोठे पाळक टेड हॅगार्ड यांनी मात्र त्यावर टीका केली. प्रदर्शनानंतर निषेधाचा ओघ आला, छावणीच्या जागेची नासधूस झाली आणि त्याच वर्षी छावणी बंद पडली. ती नासधूसही निंद्यच होती. वेगळ्या श्रद्धेला उत्तर द्यायची ती रीत नव्हे.

ज्यांच्या नेमणुकीसाठी त्या काळात प्रार्थना झाल्या, ते अलिटो जानेवारी २००६ मध्ये न्यायमूर्ती झाले. २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणारा बहुमताचा निकाल त्यांनीच लिहिला.